बंदर एक, लहान

इंदापूर तालुक्याला समुद्र नाही, ही गोष्ट छत्तीस सालच्या फाल्गुनापर्यंत सरकारदरबारी कोणी लिहून कळवलेली नव्हती. माणसांना ठाऊक होती, गुरांनाही होती. पण ठाऊक असणं निराळं आणि कागदावर असणं निराळं. म्हणून त्या फाल्गुनात आमच्याकडच्या एका कचेरीत वरून पत्र आलं, की आपल्या हद्दीत बंदरं किती, तिथे गस्त घालणारे पोलीस किती, आणि त्यांपैकी बुडणाऱ्या इसमास पाण्याबाहेर काढण्याचं शिक्षण झालेले किती, ते आठ दिवसांत कळवावं. कचेरी कुठली ते मी सांगत नाही. कचेरीला अब्रू असते, आणि ती माझ्या अब्रूपेक्षा नाजूक असते.

पत्राला उत्तर लिहायचं काम रघुनाथ कारकुनाकडे होतं. तो दर आठवड्याला माझ्या मळ्यात वांगी न्यायला येई आणि कचेरीतलं सगळं विश्वासानं सांगून जाई. विश्वास माझ्यावर नव्हे, वांग्यांवर. त्याच्या आदल्या साली वरून विचारलं होतं, हद्दीत वाघ किती. रघुनाथनं खरं ते लिहिलं, 'निरंक'. त्यावर तीन स्मरणपत्रं आली. मग वाघ नसण्याची कारणं सविस्तर मागवली. ती दोन पानं भरून दिली, तर विचारणा झाली की वाघ नसताना वाघांच्या बंदोबस्ताचं काम आजवर कोण करत होतं. त्या पोरानं तेव्हाच कानाला खडा लावला की पुन्हा म्हणून 'निरंक' लिहायचं नाही. त्यानं लिहिलं, 'बंदर : एक, लहान. शिक्षित पोलीस : अद्याप नाहीत.' बंदर कुठेतरी असायला हवं म्हणून आमच्या गावाचं नाव घातलं.

आमचं गाव भीमेच्या काठावर. समोरचा काठ करमाळ्याकडचा, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्याचा. नदीला पाणी असलं की माणसांना इकडून तिकडे न्यायचं काम दत्तोबा कोळी करत असे, त्याच्या आधी त्याचा बाप करी. होडी नव्हती. वाळलेले मोठे भोपळे दोरीच्या जाळ्यात घट्ट बांधायचे, त्यावर बाज टाकायची, की झाली सांगड. माणूस बाजेवर बसतो, दत्तोबा पाण्यात उतरून सांगड ढकलत नेतो. भोपळे माझ्या मळ्यातले. ते खायचे नव्हेत. कडू असतात, फक्त तरंगायला लावतात. दरसाल मांडवावरचे सगळ्यात मोठे आठ मी दत्तोबासाठी राखून ठेवी. तीस वर्षांत त्या सांगडीवरून माणूस तर सोडाच, कोंबडीसुद्धा बुडाली नाही. पण ही माहिती कोणी मागवली नव्हती.

माझी धाकटी लेक नकोशी त्या समोरच्या काठावरच दिलेली. तिचं नाव माझ्या सासूनं ठेवलं, पाचवी मुलगी झाली म्हणून. नाव मला बदलता आलं नाही, पण त्या नावासारखं मी तिला एक दिवस वागवलं नाही. त्या साली तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण आईकडेच व्हायचं, ही आमच्यातली रीत. विहीणबाईंनी सांगून पाठवलं, की गौरी झाल्या की घेऊन जा. तेव्हा नदी दुथडी असणार होती. पण दत्तोबा असताना मला नदीची कसली काळजी?

वैशाखात मुंबईकडून शिकवणारे मास्तर आले. बारामतीपर्यंत छोट्या आगगाडीनं, पुढे मोटारीनं, शेवटचे दोन कोस बैलगाडीनं. हातात जाड पुस्तक, डोक्यावर पांढरी टोपी. नदीत ढोपरभर पाणी आणि त्यात चार म्हशी. मास्तरांनी कचेरीचे साहेब नीळकंठराव यांना विचारलं, "बंदर कोठे आहे?"

"आपण उभे आहात ते," नीळकंठराव म्हणाले. "सध्या ओहोटी आहे."

"भरती केव्हा येते?"

"आषाढात."

मास्तरांनी ते पुस्तकात टिपून घेतलं. मला वाटलं, आता हा माणूस परत जाईल. पण परत जायचं तर कारण लिहावं लागलं असतं, आणि रघुनाथनं त्यांना वाघांची हकीकत रात्रीच्या जेवणाला सांगितलेली होती. मास्तर राहिले.

शिकायला सहा शिपाई आमच्याकडचे आणि दोन बारामतीकडचे. तिकडच्या ठाण्यानं भाबडेपणानं 'बंदर नाही' असं कळवलं होतं. त्यांना विचारलं गेलं, शेजारच्या तालुक्यात असताना आपल्याकडे नसण्याचं कारण काय. त्यांनी घाईनं दोन माणसं आमच्या बंदराला जोडून दिली. आठांचा म्होरक्या हवालदार रामहरी. पोटानं भरदार, मिशीनं कडक. आंघोळीला तांब्या डोक्यावर ओतताना डोळे मिटून रामनाम घेतो, असं त्याची बायकोच पाणवठ्यावर सांगायची.

पाणी नव्हतं म्हणून शिक्षण माझ्या खळ्यात सुरू झालं. चाकं काढलेली बैलगाडी ही नाव. वल्ही म्हणून माझी दाताळी नेली. सहा जण गाडीत बसून हवा वल्हवत, आणि बारामतीचे दोघं खालून गाडी हलवत. ते दोघं म्हणजे लाटा. तिसऱ्या दिवशी रामहरीला खरोखर मळमळून आलं आणि त्यानं खळ्यातच ओकलं. माझा जीव खळ्यासाठी तुटला, पण मास्तर हरखले. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सगळं होत होतं.

पुढे पोहायचा धडा आला. त्याला पाणी पाहिजेच. मग आठांना निमगाव केतकीकडे कालव्यावर नेलं. तिथल्या पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यानं अडवलं. कालव्यात उतरणं हा गुन्हा आहे, म्हणाला. उतरला तर धरायचं कोणी? पोलिसांनी. तेव्हा आठही जणांनी काठावर बसून, उतरण्याचा इरादा होता म्हणून, एकमेकांची नावं लिहून घेतली आणि कोरडे परत आले. पोहण्याचा धडा तोंडी उरकला. पोटावर पडून बाजेवर हातपाय मारायचे, ते मात्र सगळ्यांना चांगलं जमलं.

मग लेखी परीक्षा. एक प्रश्न होता, समुद्रात देवमासा दिसल्यास काय कराल. रामहरीनं लिहिलं, दोन पंच बोलावून पंचनामा करू, आणि मालक हजर होईपर्यंत मासा पोलीसपाटलाच्या ताब्यात देऊ. त्याला पैकीच्या पैकी गुण पडले. आठही जण पास झाले. आम्ही सगळं गाव खळ्याच्या बांधावर बसून शेंगा खात बघत होतो. इतकी करमणूक तमाशाच्या फडानंही कधी केली नव्हती. मी तर रोज येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "बगा, आमच्या खळ्यात बंदर झालंय." हसण्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, हे इथंच सांगून ठेवते.

आषाढात नदी आली. लाल पाणी, त्यात झाडं वाहताना. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वरचे साहेब तपासणीला येणार असं ठरलं. शिपायांनी एक माणूस पाण्यातून काढून दाखवायचा होता. त्यासाठी बुडणारा इसम पाहिजे. गावात दवंडी दिली, कोणी पुढे येईना. अखेर फौजदार मोहनरावांनी विचार करून दत्तोबाचं नाव काढलं, कारण शिपायांच्या हातून काही चूक झाली तर मरणार नाही असा तोच एक होता.

दत्तोबा हात जोडून म्हणाला, "सायेब, मला बुडता येत न्हाय."

"शिकवू," मोहनराव म्हणाले.

आणि खरंच शिकवलं. मास्तरांनी दोन सकाळ त्याला हात कसे वर करायचे, तोंड कसं उघडायचं, 'वाचवा' किती वेळा म्हणायचं ते पढवलं. बिचारा तीस वर्षं पाण्यात, त्याला ते काही केल्या साधेना. हात वर केले तरी तो तरंगायचाच.

तपासणीच्या दिवशी काठावर मांडव, मांडवात मेज, मेजाशी वरचे साहेब. रामहरीनं अंगात पाण्यावर तरंगवणारी बुचाची बंडी घालून उडी टाकायची, असं पुस्तकात होतं. बंडी मुंबईहून आलेली नव्हती. पण पोचल्याची नोंद झालेली होती, आणि नोंद झालेली वस्तू नाही म्हणणं म्हणजे चोरीची फिर्याद. तेव्हा रामहरी बंडी अंगात असल्याप्रमाणे उतरला. मी माझ्या बांधावर उभी होते. दत्तोबा मधोमध जाऊन नेमून दिलेल्या शब्दांत ओरडला. रामहरीनं रामनाम घेतलं, पाऊल टाकलं, आणि दिसेनासा झाला.

एकदा वर आला तेव्हा पागोटं नव्हतं. दुसऱ्यांदा आला तेव्हा नुसता हात. काठावरचे सातही शिक्षित पुस्तकातल्याप्रमाणे रांगेत उभे होते; हुकूम व्हायचा होता. दत्तोबा बुडायचं विसरला. हात मारत तो काठाला आला, तिथे बांधलेली सांगड सोडून त्यानं झेप घेतली, रामहरीला पट्ट्याला धरून माझ्या भोपळ्यांवर ओढून घातला, आणि अर्धा फर्लांग खाली नेऊन काठाला लावला. दोनशे माणसांनी हे पाहिलं. वरच्या साहेबांनी पाहिलं नाही, कारण ते तेव्हा मागच्या परीक्षेचे कागद बघत होते.

आता अडचण अशी, की हकीकतीचा कागद आदल्या दिवशीच लिहून तयार होता. बुडालेला, दत्तोबा. काढणारा, रामहरी. तो बदलायचा तर तपासणी रद्द, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून खळं. मोहनरावांनी पंच गोळा केले. गावातले चार जण आले आणि त्यांनी अंगठे उठवले. त्यांतल्या दोघांना दत्तोबानं लहानपणापासून पाण्यापार नेलेलं.

मग मोहनराव बांध चढून माझ्याकडे आले. "द्वारकाबाई," म्हणाले, "अंगठे कोणाचेही मिळतात. सही करणारं प्रतिष्ठित माणूस या गावात एकच आहे. या तालुक्यात आजवर बाईमाणसाची सही पंचनाम्यावर झालेली नाही." आणि मांडवातली खुर्ची आणवली. वरच्या साहेबांच्या शेजारची.

मला माझं नाव लिहिता येतं. धाकट्या दिराच्या पाटीवरून मी ते शिकले, लग्नानंतर, चुलीपुढे, राखेत. नाव-आडनाव धरून दहा अक्षरं लिहायला दोन महिने लागले. गावातल्या बाया अंगठा काळा करून घेतात. मी टाक मागते. त्या दिवशी सगळं गाव बघत होतं. मोहनरावांनी कागदाचा वरचा भाग वाचला, 'आम्ही खाली सही करणार पंच'. खालचा भाग वाचला, 'येणेप्रमाणे खरे'. मधला वाचला नाही आणि मीही विचारला नाही. मधलं काय असणार ते मला ठाऊक होतं. पण दत्तोबाचं काय जाणार होतं त्यात? बुडाला म्हटल्यानं माणूस बुडतो थोडाच. आणि खुर्ची चांगली होती, वेताची. मी सावकाश, एकेक अक्षर सुटं काढून, सही केली. दत्तोबा लांब उभा राहून धोतर पिळत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, थकला असेल.

रामहरीला बिल्ला मिळाला. त्याचा ताप पाच दिवसांनी उतरला.

गौरी बसायच्या आधी रघुनाथ वांगी न्यायला आला, तो वांग्यांकडे बघेना. त्याच्याजवळ हुकूम होता, त्यानं वाचून दाखवला. अर्थ असा, की बंदरावर माणसं वाहून नेणारा दत्तोबा कोळी हा पाच पंचांसमक्ष स्वतःच बुडाल्याचं व त्यास पोलिसांनी काढल्याचं शाबीत झालेलं आहे. सबब असा इसम उतारूंच्या जिवास धोका होय. त्याची सांगड बंद. भोपळे आठ, जप्त. पुढे सरकारी नाव येईपर्यंत बंदरातून ये-जा मना. घाटावर दोन शिपायांचा पहारा.

"नाव कधी येणार?" मी विचारलं.

"पोचल्याची नोंद झालेली आहे," रघुनाथ म्हणाला.

गौरी गेल्या त्या सकाळी पलीकडून हाळी आली. जावई नकोशीला गाडीत घालून समोरच्या काठावर येऊन उभा होता. दिवस पुरे भरले नव्हते, पण तिला पहाटेपासून कळा सुटल्या होत्या. दूर रेल्वेचा पूल आहे, पण तिथवर जायला गाडीचे दोन दिवस, आणि मधले ओढे भरलेले. मी तशीच ठाण्यावर गेले. मोहनराव उठून उभे राहिले. माणूस रीतीचा होता, मी नाही म्हणणार नाही.

मी म्हटलं, "दत्तोबाला सोडा. तो बुडाला न्हाय. सगळ्या गावानं बघितलंय कोन बुडालं ते."

त्यांनी कपाटातून कागद काढून माझ्यापुढे धरला. "द्वारकाबाई, ही सही कोणाची?"

त्या कागदावर मला वाचता येण्याजोगं एवढंच होतं.

"तुम्ही सही खोटी म्हणत असाल," ते शांतपणे म्हणाले, "तर खोटी साक्ष दिल्याबद्दल मला आधी तुम्हाला अटकाव करावा लागेल. मग तुमच्या लेकीचं कोण बघणार? खरी म्हणत असाल, तर दत्तोबाच्या हाती गरोदर बाई कशी देऊ?"

मी म्हटलं, "मग तुमची आठ माणसं शिकवलीत ना माझ्या खळ्यात. त्यांना पाठवा."

बिल्ला लावलेला रामहरी दारात उभा होता. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "मावशी, बंदर निम्म्या नदीपत्तुर हाय. पल्याडचा काठ दुसऱ्या जिल्ह्याचा. तितं आमाला काढता येत न्हाय." आणि मग हळूच, "आन मला पान्याची लई भीती वाटती वो."

घाटावर दत्तोबा बसला होता, दोन शिपायांच्या मधे. भोपळे त्याच्याच पुढ्यात, प्रत्येकावर लाखेची मोहोर. मी शिपायांदेखत त्याला म्हटलं, "दत्तोबा, चल. मी निस्तरते काय ते."

तो उठला नाही. "आक्का," म्हणाला, "मी आतापत्तुर पवून गेलो असतो. माझा बा असता तर तोबी गेला असता. पर मी बुडालेला मानूस हाय. तुमीच लिवून दिलंय. आता तुमच्या लेकीला काय झालं, तर तुमच्याच सहीवर मला फाशी द्येतील."

 

मी काठावर उभी राहिले. समोर झाडाखाली गाडी होती, गाडीला लुगड्याचा आडोसा केलेला. सकाळी हाळी तरी पोचली होती; आता वारा फिरला होता आणि पाण्याच्या आवाजात माणसाचा आवाज येत नव्हता. आमच्यात मुलगा झाला की थाळी वाजवतात. ती पितळेची असते, पुराच्या आवाजातही ऐकू येते. दिवस कलेपर्यंत मी थाळीची वाट पाहिली. मग आडोसा काढला, गाडी वळली आणि गेली. थाळी वाजली नाही. मुलगी झाली की थाळी वाजवत नाहीत. बाळंतीण गेली तरी वाजवत नाहीत. दोन्हींतलं काय, ते मला पाच दिवस कळलं नाही. पाच मुलींच्या वेळी माझ्याही दारात थाळी वाजली नव्हती आणि मला त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी पुलाला वळसा घालून एक माणूस आला. मुलगी होती. दोघी धडधाकट. ओढे उतरल्यावर मी गाडीनं गेले, तोवर बारसं मला सोडून उरकलं होतं. नकोशीनं पोर माझ्या मांडीवर ठेवली आणि एवढंच विचारलं, "आये, तू काठावर हुभी व्हतीस का?"

"व्हय," मी म्हटलं.

मार्गशीर्षात रघुनाथनं वार्षिक अहवाल लिहिला. बंदरात त्या साली तपासणीनंतर एकही इसम बुडाला नाही. ही गोष्ट अगदी खरी. उतरलाच नाही कोणी. वर फार समाधान झालं. तिकडून विचारणा आली, की हे बंदर कायम ठेवण्यास गावकऱ्यांची संमती आहे काय, तसं सह्यांनिशी कळवावं. दत्तोबा तोवर लासुर्ण्याकडे ऊसतोडीला निघून गेला होता. पाण्यापासून लांब.

मोहनराव कागद घेऊन चावडीवर आले. वेताची खुर्ची बरोबर होती. मला म्हणाले, "पहिली सही आपलीच, द्वारकाबाई."

मी म्हटलं, "आधी मधलं वाचा."

त्यांनी वाचलं. आमच्या गावास समुद्र लाभल्याबद्दल आम्ही ऋणी आहोत, असं होतं. मी टाक मेजावर ठेवला आणि खुर्चीवरून उठले. मला वाटलं होतं, मी उठल्यावर चावडीत कुजबुज होईल, चार जण माझ्यामागून निघतील, निदान एखादा तरी म्हणेल की या बाईचं खरं आहे.

कोणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळे खुर्चीकडे पाहत होते. दारापर्यंत पोचून मी मागे वळले, तर तिच्यात बसायला रांग लागलेली. अंगठेवाले बिचारे पाठीमागे, आपली पाळी येते की नाही या धाकात. सगळ्यांत पुढे उभे होते ते वाचता येणारे.

तुम्हाला हे वाचता आलं, त्या अर्थी तुम्हीही पुढेच होतात.